‘झुंड’ चित्रपट, त्यातील नटसंच आणि नागपूरची बोली

चित्रपटाविषयीचा लेख भाषाविज्ञानाच्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकालाही तो आरंभी पडला होता. परंतु ज्या शहरात आपण भाषाविज्ञान शिकतो आणि शिकवितो, त्या शहराच्या रस्त्यावरील बोलणे मोठ्या पडद्यावर, त्याच शहरातील मुलांच्या तोंडून, जवळजवळ तीन तास ऐकावयास मिळाले, असा प्रसंग पूर्वी क्वचितच आला असेल. ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या, नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘झुंड’ या हिंदी चित्रपटाने तो आणला. त्यातील खेळ फुटबॉलचा असला, तरी या कथेचे कूळ शोधावयाचे तर अमेरिकेतील जुन्या मुष्टियुद्धपटांपर्यंत जावे लागते. आपल्या विषयासही तेथूनच आरंभ करणे सोयीचे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात हॉलिवूडमध्ये मुष्टियोद्ध्यांच्या जीवनावर एकामागून एक चित्रपट निघाले. १९४७ चा ‘बॉडी अँड सोल’, १९४९ चे ‘चॅम्पियन’ आणि ‘द सेट-अप’, १९५४ चा ‘ऑन द वॉटरफ्रंट’ ही त्यांतील ठळक नावे होत. यांचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. गरीब वस्तीतला मुलगा मुठीच्या बळावर वर येतो. त्याच्या विजयावर पैसा लावणारे लोक त्याला विकत घेतात. आणि ठरलेली लढत हरावी की जिंकावी, हा प्रश्न अखेर त्याच्यापुढे उभा राहतो. ‘वॉटरफ्रंट’चा नायक तर मुष्टियुद्ध सोडून गोदीत हमाली करणारा आहे. भावाच्या सांगण्यावरून पूर्वी हरलेली एक लढत त्याला आयुष्यभर सलत असते.

या चित्रपटांच्या नटसंचाकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. रिंगणाचा अनुभव असलेली माणसे निर्मात्यांनी हेतुपूर्वक निवडलेली दिसतात. ‘बॉडी अँड सोल’मध्ये मुष्टियोद्ध्याची भूमिका करणारा कृष्णवर्णीय नट कॅनडा ली हा स्वतः व्यावसायिक मुष्टियोद्धा होता; डोळ्याच्या दुखापतीने त्याला रिंगण सोडावे लागले. ‘द सेट-अप’चा नायक रॉबर्ट रायन महाविद्यालयात असताना मुष्टियुद्धातील विजेता होता. ‘वॉटरफ्रंट’मध्ये गुंडांची कामे करणारे टोनी गॅलेंटो, टॅमी मॉरिएलो आणि एब सायमन हे तिघेही जो लुईविरुद्ध जागतिक अजिंक्यपदासाठी लढलेले होते.

शरीराच्या बाबतीत हा आग्रह असला, तरी बोलीच्या बाबतीत दोन निरनिराळे मार्ग दिसतात. ‘बॉडी अँड सोल’चा नायक जॉन गारफील्ड न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधील ज्यू निर्वासितांच्या घरात १९१३ साली जन्मला. त्याच्या बोलण्यातील न्यूयॉर्क ही जन्मापासूनची होती. मार्लन ब्रँडो मात्र नेब्रास्का राज्यातला. न्यू जर्सीच्या होबोकन बंदरातील हमालाचे तोंडातल्या तोंडात बोलणे त्याने कमावले, आणि पुढे जगभर अनुकरण झाले ते या कमावलेल्या बोलण्याचे. जन्मबोली आणि कमावलेली बोली हा भेद पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे. गारफील्डच्या वाट्याला तशी कीर्ती आली नाही. साम्यवाद्यांच्या शोधमोहिमेत त्याचे काम बंद पडले, १९५१ मध्ये त्याला चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले, आणि पुढील वर्षी मे महिन्यात तो वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. कॅनडा लीही त्याच महिन्यात गेला.

हिंदी चित्रपटाने हा साचा अनेकदा उचलला. १९९८ चा ‘गुलाम’ हा ‘वॉटरफ्रंट’चाच मुंबईतील अवतार होय, २०२१ च्या ‘तूफान’चा नायक डोंगरीतला मुष्टियोद्धा आहे. दोहोंतही मुंबईच्या रस्त्यावरील हिंदी आहे, आणि ती प्रतिष्ठित नटांनी कमावलेली आहे. नागपूरची गोष्ट येथून वेगळी वळण घेते.

तिचा मूळ पुरुष विजय बारसे. ते नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. २००१ साली भर पावसात वस्तीतील मुले एक फुटकी बादली लाथाडीत खेळत असल्याचे त्यांनी पाहिले, आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. (हे महाविद्यालय ज्याच्या नावाने १८८३ पासून चालत आले, तो मिशनरी स्टीफन हिस्लॉप गोंडी गीते आणि शब्द टिपून ठेवणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांपैकी एक होता, त्याची टिपणे मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपलने प्रसिद्ध केली. या गावात भाषेचा अभ्यास वर्गाबाहेर सुरू झाला, हे सांगण्यासाठीच हा उल्लेख.) चित्रपटात बारसे यांचे विजय बोराडे झाले आणि ती भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली.

मुष्टियुद्धपटातील नायक एकटा वर चढतो, आणि वस्ती जिथल्या तिथे राहते. संघाच्या खेळात ही सोय नाही. मंजुळे यांनी फुटबॉल निवडला असे म्हणणे बरोबर होणार नाही, कारण तो वास्तवानेच दिला होता. पण त्यामुळे कथेचा कर्ता एकवचनी न राहता अनेकवचनी झाला, आणि याचा भाषेशी निकटचा संबंध आहे. तो पुढे येईल.

नटसंचात तीन थर स्पष्ट दिसतात. पहिला बच्चन यांचा. १९४२ साली अलाहाबादेत जन्मलेल्या या नटाची हिंदी साहित्यिक घरातली, घोटलेली आहे. दुसरा थर मंजुळे यांच्या पूर्वीच्या चित्रपटांतून आलेल्यांचा: ‘फँड्री’तील सोमनाथ अवघडे, ‘सैराट’मधील रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर. ज्या सोलापूरकडच्या मराठीने ही मंडळी महाराष्ट्राला माहीत झाली, ती बाजूला ठेवून त्यांना येथे दुसरीच बोली बोलावी लागली. तिसरा थर नागपुरातूनच निवडलेल्या, पूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेल्या मुलामुलींचा. त्यांतील अंकुश गेडाम याने ‘डॉन’ नावाच्या मुलाची प्रमुख भूमिका केली, आणि २०२३ च्या फिल्मफेअर पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार त्याला मिळाला. मुलाचे हे टोपणनाव बच्चन यांच्या १९७८ च्या चित्रपटाची आठवण करून देते, आणि खुद्द बच्चन त्याच्यासमोर मास्तर म्हणून उभे असतात. हा विनोद प्रेक्षकाने आपला आपण समजून घ्यावयाचा आहे. तेव्हा गारफील्डचा मार्ग आणि ब्रँडोचा मार्ग, दोन्ही एकाच चौकटीत शेजारी शेजारी आले. कान देऊन ऐकणाऱ्यास दोहोंतील फरक कळतो. कमावलेल्या बोलीत शब्द बरोबर असतात. वाक्याचा हेल आणि दोन शब्दांमधील घाई मात्र सहसा साधत नाही.

आता शीर्षकाचा शब्द घेऊ. ‘झुंड’ हा शब्द मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे आहे. म्हणून तो एकच आहे असे वाटते. वस्तुतः तसे नाही. हिंदीत तो पुल्लिंगी: ‘हिरनों का झुंड’. मराठीत स्त्रीलिंगी: ‘गुंडांची झुंड’, ‘झुंडीच्या झुंडी’. लिंगभेदापेक्षा अर्थभेद अधिक महत्त्वाचा. हिंदीत हा शब्द प्रामुख्याने पशुपक्ष्यांच्या समूहाचा, आणि बऱ्याच अंशी निरुपद्रवी. मराठीने पशुपक्ष्यांसाठी कळप, थवा, खिल्लार असे निरनिराळे शब्द राखून ठेवले आहेत. त्यामुळे ‘झुंड’ माणसांकडे वळली, आणि तीही बेभान होऊन चालून येणाऱ्या माणसांकडे. ‘झुंडशाही’ हा शब्द याच अर्थाने रुळला; अलीकडे वृत्तपत्रांनी ‘झुंडबळी’ घडविला. सारांश, हिंदी प्रेक्षकास शीर्षकात जनावरे दिसतात, मराठी प्रेक्षकास दंगल दिसते. चित्रपटात या मुलांना झुंड न म्हणता टीम म्हणावे, असा बोराडे मास्तरांचा आग्रह आहे. हिंदीत ही दुरुस्ती जनावरांना माणसे म्हणविण्याची ठरते. मराठी कानाला ती आरोपातून सुटका ठरते. मराठी दिग्दर्शकाला हे दोन्ही ऐकू येत असणार असे मला वाटते.

यानंतर प्रत्यक्ष बोलीकडे वळू. पुढील उदाहरणे चित्रपटाच्या संहितेतील नसून शहरात नित्य ऐकू येणारी आहेत, हे आधीच सांगितलेले बरे.

नागपूरकडच्या मराठीतील सर्वांत प्रसिद्ध, आणि सर्वांत अधिक हसले जाणारे रूप म्हणजे ‘करून राहिला’. ‘तू काय करून राहिला?’ या प्रश्नास प्रमाण मराठीत ‘तू काय करतो आहेस?’ असे म्हणतात. पुण्याच्या श्रोत्यास पहिल्या वाक्याचा अर्थ ‘काय करून मग तेथे राहिलास?’ असा काहीसा भासतो, आणि तो हसतो. हे रूप कसे सिद्ध झाले ते पाहण्यासारखे आहे. हिंदीत ‘कर रहा है’ असा प्रयोग आहे. त्यातील ‘कर’ हा उघडा धातू वाटतो. परंतु इतिहासदृष्ट्या ते जुन्या ‘करि’ या पूर्वकालवाचक धातुसाधिताचे झिजलेले रूप आहे. म्हणजे मूळ अर्थ ‘करून’ असाच. ‘रहा’ हे ‘रहना’चे भूतकाळी रूप, म्हणजे मराठीत ‘राहिला’. नागपूरच्या बोलणाऱ्याने हिंदीचा शब्द उचलला नाही, प्रत्ययही उचलला नाही. त्याने रचना उचलली आणि तिचा एकेक अवयव अस्सल मराठीत बसविला. आधुनिक हिंदी बोलणाऱ्यास स्वतःच्या ‘कर’मध्ये दडलेले ‘करून’ जाणवत नाही. नागपूरकराच्या मराठीत ते उघडे पडले. परीक्षेत विद्यार्थ्याने असे पृथक्करण केले असते तर आपण त्याला उत्तम गुण दिले असते. बोलीने ते न शिकता केले, म्हणून आपण तिला अशुद्ध म्हणतो.

आता उलट दिशा. नागपुरी हिंदीत ‘करके’ या शब्दाचा एक विलक्षण उपयोग आहे. ‘वो आता करके बोला.’ ‘राजू करके एक पोट्टा है.’ उत्तरेकडील हिंदीत पहिल्या ठिकाणी ‘कि’ लागेल, दुसऱ्या ठिकाणी ‘नाम का’. मराठीत मात्र दोन्ही ठिकाणी एकच शब्द येतो: ‘तो येतो म्हणून बोलला’, ‘राजू म्हणून एक पोट्टा आहे’. मराठीचे ‘म्हणून’ हे ‘म्हणणे’चे धातुसाधित आहे, त्याचा मूळ अर्थ विरून ते केवळ दुसऱ्याचे बोलणे किंवा नाव बांधणारे अव्यय झाले. तेलुगूतील ‘अनि’ आणि कन्नडातील ‘एंदु’ हीही ‘म्हणून’ याच अर्थाची धातुसाधिते आहेत आणि तेच काम करतात. मराठीचा हा विशेष दक्षिणेच्या शेजाराने दृढ झाला असावा असे मानतात. तेव्हा ‘आता करके बोला’ या तीन शब्दांत शब्द हिंदीचे, सांधा मराठीचा, आणि त्या सांध्याचा नमुना दक्षिणेकडचा असे दिसून येते. राजेश्वरी पंढरीपांडे यांनी नागपुरातील मराठी आणि हिंदी यांच्या या परस्परप्रभावाचा शास्त्रीय विचार केला आहे. या विषयात काम करू इच्छिणाऱ्याने तेथूनच आरंभ करावा.

सर्वच विशेषांचे मूळ मराठीत शोधणे मात्र धोक्याचे आहे. ‘मेरेको’, ‘तेरेको’ ही रूपे नागपुरी म्हणून सांगितली जातात, परंतु ती दिल्लीपासून मुंबईपर्यंत सर्वत्र ऐकू येतात. ‘ने’ या प्रत्ययाचा लोप हे अधिक अवघड उदाहरण आहे. ‘मैंने किया’ याऐवजी येथे ‘मैं किया’ सर्रास चालते. मराठीत प्रथम आणि द्वितीय पुरुषी कर्त्यास ‘ने’ दिसत नाही (‘मी केले’, ‘तू केलेस’), तृतीय पुरुषी दिसतो (‘त्याने केले’). म्हणून हा मराठीचा परिणाम, असे म्हणण्याचा मोह होतो. पण छत्तीसगढीत हा ‘ने’ मुळातच नाही, आणि नागपूरच्या गिरण्यांत व बांधकामांवर छत्तीसगढातून आलेल्या मजुरांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. दावेदार दोन आहेत. तृतीय पुरुषी ‘ने’ टिकतो की जातो, हे मोठ्या सामग्रीवर तपासल्याशिवाय निवाडा देता येणार नाही. टिकत असेल तर मराठीचे पारडे जड, सरसकट जात असेल तर छत्तीसगढीचे.

ही मिसळण झाली कशी, याचे उत्तर शहराच्या इतिहासात आहे. गोंड राजांच्या या नगरीत भोसल्यांबरोबर मराठी सत्ता आली. १८२१ मध्ये जवळच कामठीची छावणी बसली. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर राजधानी झाले; तेव्हापासून १९५६ पर्यंत हिंदी मुलखाचा आणि मराठी मुलखाचा कारभार याच एका गावातून चालला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि तिच्यामागून मजुरांच्या वस्त्या वाढल्या. कचेरीतली हिंदी आणि मराठी एकमेकींपासून अंतर राखून होत्या. चाळीत आणि झोपडपट्टीत तसे अंतर राखणे शक्य नव्हते. चित्रपटातील मुलांची बोली याच ठिकाणी तयार झाली. ती मोडकी हिंदी नव्हे. पाणी भरण्याच्या रांगेत सर्वांना पुरेल अशी केलेली तोड आहे.

ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी आणि नागपुरी मराठीची नोंद आदराने केली. ‘मले’, ‘तुले’ ही रूपे व ‘डोळा’चा ‘डोया’ त्यावेळीही अभ्यासाचा विषय होता. रंगभूमीने आणि दूरचित्रवाणीने मात्र या बोलीला बहुतांशी विनोदाचे काम दिले. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या समर्थ नटामुळे वऱ्हाडी घरोघरी पोहोचली, हे खरे. पण ती ऐकताच हसावयाचे असते, हेही त्याबरोबर ठरून गेले. यावर आपल्याकडे एक उत्तर नेहमी दिले जाते: मराठीतील आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ वऱ्हाडातील रिद्धपूरला सिद्ध झाला, तेव्हा आमची बोली आद्य आहे. हे उत्तर अभिमानाचे आहे, शास्त्राचे नाही. तेराव्या शतकातील ग्रंथाच्या प्रतिष्ठेने आजच्या ‘करून राहिला’चे समर्थन होत नाही, आणि त्याला त्या समर्थनाची गरजही नाही.

‘झुंड’मध्ये ही बोली कोणाला हसविण्यासाठी येत नाही. मुले बोराडे मास्तरांच्या घरी बसून आपापली हकिकत सांगतात, तो भाग पाहावा. तेथे कथानक जवळजवळ थांबते. लांबलेला म्हणून काहींनी त्यास नाव ठेवले. माझ्या मते चित्रपटातील तो सर्वोत्तम भाग आहे. त्यात वाक्ये अर्धी सुटतात, मागे येतात, एकाचा शब्द दुसरा पुरा करतो. समोर बच्चन यांची स्वच्छ हिंदी आहे, आणि ती ऐकून घेण्याचे काम करते. याउलट पारपत्राच्या आणि ओळखपत्राच्या प्रसंगांत कचेरीची भाषा येते. रिंकू राजगुरूने केलेली आदिवासी मुलगी आपण अमुक आहोत याचा कागद मिळविण्यासाठी वडिलांबरोबर हिंडते, तेव्हा तिला जे बोलता येते त्याचा तेथे उपयोग नसतो. कोणत्या भाषेत बोलल्यास ऐकून घेतले जाते, हा या चित्रपटाचा एक प्रमुख प्रश्न आहे असे मी समजतो.

वर्गात या चित्रपटाची चर्चा झाली तेव्हा उत्तर नागपुरातून येणारा एक विद्यार्थी शेवटपर्यंत गप्प होता. तास संपल्यावर तो म्हणाला की हे घरचेच बोलणे आहे, पण महाविद्यालयाच्या फाटकाशी आल्यावर ते बदलावयाची सवय शाळेपासून लागली. आता वर्गात उदाहरण द्या म्हटले तरी जीभ वळत नाही. ज्या विषयाला माहीतगार वक्ता लागतो, त्या विषयाच्या वर्गात माहीतगार वक्ता मागच्या बाकावर तोंड मिटून बसला होता. दोन वर्षे मी त्याला ‘नागपुरी हिंदीची उदाहरणे आणा’ असे सांगत होतो, आणि तो ती छापील पुस्तकांतून आणीत होता.

चित्रपट हा भाषेचा पुरावा होऊ शकत नाही, याची जाणीव ठेवली पाहिजे. संवाद लिहिलेले असतात, शिव्या गाळलेल्या असतात, आणि मुंबईच्या किंवा लखनौच्या प्रेक्षकास कळावे म्हणून बोली सौम्य केलेली असते. ‘हाव’, ‘कायको’, ‘पोट्टा’, ‘बे’ असे ठळक शब्द अशा ठिकाणी टिकतात, कारण ते ओळखीची खूण म्हणून चालतात. व्याकरणातील सूक्ष्म भेद प्रथम जातात. चित्रपटाने फक्त कोठे पाहावे ते दाखविले.

असे एक स्थळ ‘अपन’ हे आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हटले म्हणजे ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’ म्हटले म्हणजे तो धरला जातो. प्रमाण हिंदीत दोहोंस एकच ‘हम’. नागपुरी हिंदीत ‘हम’ आणि ‘अपन’ दोन्ही चालतात. परंतु त्यांच्यात मराठीसारखाच भेद नेमाने पाळला जातो, की ‘अपन’ हे मुंबईप्रमाणे एकट्या बोलणाऱ्यासही लागते, हे निश्चित झालेले नाही. खेळणाऱ्या मुलांत ते ऐकावयास हवे: मैदानावर, प्रतिपक्षाशी बोलताना आणि आपसांत बोलताना, दोन्ही वेळा. येत्या हिवाळी सत्रात पदव्युत्तर वर्गाच्या क्षेत्रकार्यासाठी हा विषय ठेवला आहे. ध्वनिमुद्रणाचे काम तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी करणार आहे. प्रश्नावली त्यानेच दोनदा दुरुस्त करून दिली.